शकुनबाईच्या ढोल्यांना कोठार-परवाना

प्रति,
मा. परवाना अधिकारीसाहेब,
अन्नविक्री व कोठार शाखा,
मुक्काम भंडारा.

अर्जदार : शकुनबाई बेवा गोमाजी हटवार, वय पंचावनच्या आसपास, धंदा किराणा दुकान व थोडी शेती, राहणार मौजा हिरडबोडी, पोस्ट अड्याळ, जिल्हा भंडारा.

विषय : जप्त केलेले बियाण्याचे धान लिलावापूर्वी परत मिळणेबाबत, तसेच कोठार-परवान्याच्या सर्व अटी पुऱ्या झाल्या असून आता कोठारात ठेवण्यास काहीही उरले नसल्याबाबत.

संदर्भ : आपल्या शाखेचे दिनांक १४ जून १९७४ चे पत्र. त्यात धानाच्या खऱ्या मालकांची नावे सात दिवसांत कळवा, न कळविल्यास दिनांक २४ रोजी माल गुरांचे खाद्य म्हणून लिलावात काढला जाईल, असे लिहिले आहे.

महोदय,

वरील पत्र अर्जदारास पोचले. अर्जदारास वाचता येत नसल्याने ते तिला गावातल्या तिघांनी वेगवेगळे वाचून दाखविले. तिघांनी एकच अर्थ सांगितला, म्हणून तो खरा मानून हा अर्ज करण्यात येत आहे. अर्ज थोडा लांब आहे. पण आपल्या शाखेने अर्जदारास पाठविलेले कागद एकावर एक ठेवले तर त्यांच्यापुढे हा आखूडच भरेल.

१. अर्जदाराचे घर गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीपासून वर, मुरमाच्या उंचवट्यावर आहे. पुढच्या खोलीत दुकान आहे. मीठ, मिरची, गूळ, तेल, तंबाखू, एवढाच माल. मागच्या खोलीत बियाण्याच्या ढोल्या असत. गावातल्या इतर घरांत जमिनीतून ओल चढते आणि बी टिकत नाही, म्हणून अर्जदाराच्या सासूच्याही आधीपासून गावच्या बाया आपापले बियाण्याचे धान या खोलीत आणून ठेवतात. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली उंच कणगी, हे साहेबांना ठाऊक असेलच. आपल्या निरीक्षकसाहेबांना ठाऊक नव्हते. त्यांनी पंचनाम्यात "मातीची पिंपे" असे लिहिले आहे. धान भरले की ढोलीचे तोंड लिंपून टाकतात, आणि जिचे बी ती बाई ओल्या मातीत आपली खूण दाबते. कुणी बांगडी दाबते, कुणी विळ्याची मूठ, कुणी नुसती पाच बोटे. मग पऱ्हे टाकायची, म्हणजे रोपासाठी बी फेकायची वेळ येईपर्यंत त्या ढोलीला कुणाचा हात लागत नाही.

२. येथे एक रीत सांगणे भाग आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून निघाला. लिंपण केल्यापासून ते फोडेपर्यंत ते बी कुणाचे हे तोंडाने बोलायचे नसते. ठेवणारीने नाही आणि जिचे आहे तिनेही नाही. बोलले तर बी रुसते, उगवत नाही, असे बाया मानतात. पुरुष मानत नाहीत, पण बोलतही नाहीत. कुणी विचारलेच तर ठेवणारीने "माहंच होय" म्हणायचे आणि विषय संपवायचा. सासूने अर्जदारास तराजू धरायला शिकविले नाही, पण हे शिकविले. याबद्दल अर्जदारास कुणाकडून काही मिळत नाही. रोवणीच्या दिवसांत ढोलीवाल्या प्रत्येक घरची एक बाई येऊन अर्जदाराच्या एवढ्याशा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोप लावायला हात लावून जाते, इतकेच. आपल्या शाखेने तो हात लावणे पुढे "गोदाम भाडे, श्रमाच्या स्वरूपात" म्हणून नोंदविले आहे. ते खरे धरले तर या गावात लग्नाला जाणारा प्रत्येक माणूस भाडेकरू ठरेल.

३. शिमगा झाल्यावर निरीक्षकसाहेब दुकानाचा परवाना पाहण्यास आले. परवाना भिंतीवर देवांच्या फोटोशेजारी होता. अर्जदाराने दर पाडव्याला देवांबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिले होते, कारण दुकान त्याच्यावर चालते असे तिला सांगण्यात आले होते. कुंकवाखाली परवान्याचा नंबर दिसेना. निरीक्षकसाहेबांनी "परवाना विद्रूप केला" असा पहिला शेरा मारला. मग ते मागच्या खोलीत गेले. त्यांनी विचारले, "हे धान कुणाचं?" अर्जदार म्हणाली, "माहंच होय." "सगळं?" "सप्पाच." "एकट्या बाईचं एवढं?" यावर अर्जदार म्हणाली, "एकटी हावो म्हनूनच तं सांभाळून रायलो साहेब, दुकटी असतो तं खाऊन बसलो असतो." हे वाक्य निरीक्षकसाहेबांनी "साठा विक्रीसाठी धरून ठेवल्याची कबुली" म्हणून लिहून घेतले. घरखर्चापेक्षा जास्त धान आणि तेही दुकानाच्या मागे, म्हणून ती खोली बिनपरवाना कोठार ठरली. एका महिन्यात कोठार-परवाना काढावा, नाहीतर माल जप्त, असा हुकूम झाला.

पंच दोन होते. एक गावात आलेला बांगडीवाला. त्याच्याविषयी तक्रार नाही, त्याने खोलीत काय आहे ते पाहिलेच नाही. दुसरे गावचे पोलीस पाटील वासुदेवराव. ते सर्व वेळ कोपऱ्यातल्या एका ढोलीला पाठ लावून उभे होते. तिच्यावर काय खूण होती हे अर्जदार सांगणार नाही. "सर्व माल शकुनबाईचा" अशा पंचनाम्यावर सही करायलाही ते तिथून हलले नाहीत, कागद तिथेच मागवला. म्हातारपणामुळे चालवत नसावे. त्यांचे वय चाळीस आहे.

४. निरीक्षकसाहेब गेल्यावर अर्जदार त्याच दिवशी घरोघरी गेली. रीत मोडायची नव्हती, म्हणून तिने कुणाचे काय ते विचारले नाही. एवढेच म्हणाली, "कागद लागून रायले, का करावं तुमीच सांगा." घरोघरी जवळपास एकच उत्तर मिळाले. शेजारीण मंगलाबाई जरा जास्त मोकळ्या मनाची, म्हणून तिचे शब्द देते. "शकुनबाई, तूच म्हन माहंच होय म्हनून. तुले का, एक कागद काढा लागन. आमाले तं घर दाखवा लागन." यंदा सरकारला लेव्हीचे, म्हणजे सक्तीच्या वसुलीचे, धान देऊन झाल्यावर घरात किती उरले हे प्रत्येकाने सांगितलेले होते, आणि सांगितलेल्यात मागाहून भर पडलेली कुणालाच आवडत नाही. एवढे लिहिले की साहेबांना कळेल, आणि कळूनही कुणावर बोट ठेवता येणार नाही. म्हणून एवढेच लिहिले आहे.

५. तेव्हा अर्जदार कोठार-परवाना काढण्याच्या मागे लागली. अर्ज दिला, तेव्हा अटींचा कागद तिला आपल्या शाखेतून मिळाला. पहिली अट, जमीन पक्की व धुता येणारी असावी. अर्जदाराची जमीन सारवलेली होती. सिमेंटला परमिट लागते, ते दुसऱ्या कचेरीत मिळते, आणि त्या कचेरीत विचारतात की सिमेंट कशाला पाहिजे. कोठाराला, म्हटले तर कोठाराचा परवाना दाखवा म्हणतात. शेवटी अर्जदाराने न्हाणीघर बांधायचे आहे असे सांगून परमिट मिळविले. रीतीने म्हटलेले सोडले तर हा तिचा एकच खोटा जबाब आहे, आणि सबंध प्रकरणात तोच एक लगेच मान्य झाला.

सिमेंट टाकले. ओल्या सिमेंटवर ढोल्या ठेवता येईनात म्हणून त्या सपरीत, म्हणजे ओसरीत, काढल्या. निरीक्षकसाहेब नेमके तेव्हाच दुसऱ्यांदा आले आणि "धान्य उघड्या जागेत" असा शेरा देऊन गेले.

दुसरी अट, उंदीर नसावेत. ते नव्हते, कारण मांजर होती. निरीक्षकसाहेब म्हणाले, "अन्नाच्या जागी जनावर चालत नाही." मांजर बहिणीच्या गावी पवनीला पोचती केली. पुढच्या भेटीत "उंदरांच्या लेंड्या आढळल्या" असा शेरा आला. अर्जदाराने विचारले, "साहेब, मांजर आनू का उंदीर ठेवू, एक काहीतरी सांगा." साहेबांनी जाळी बसवायला सांगितले. जाळी बसविली. खिडकी एकच होती, तिला दोनदा बसविली, कारण पहिल्या जाळीतून निरीक्षकसाहेबांची करंगळी गेली. खोलीला बाहेरून वेगळे दार पाहिजे होते. भिंत फोडून तेही बसविले. त्या दाराने आजपर्यंत आपल्या शाखेच्या माणसांखेरीज कुणी आत आलेले नाही.

६. सर्वांत शेवटची अट फळ्याची होती. कोठारात जे आहे त्याचा भाव फळ्यावर लिहून दर्शनी जागी लावावा. अर्जदाराने शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतले, "बियाण्याचे धान, विक्रीस नाही." निरीक्षकसाहेबांनी समजावून सांगितले की असे लिहिणे म्हणजे माल असून विकण्यास नकार देणे, हा मोठा गुन्हा आहे. काहीतरी भाव लिहा, कुणी घ्यायला येणार थोडेच आहे. अर्जदाराने काहीतरी भाव लिहिला. बियाण्याचा भाव तिला ठाऊक नव्हता, गावात कधी कुणी तो केलेला नाही, म्हणून बाजारात साध्या धानाचा होता तोच टाकला.

घ्यायला अड्याळचे व्यापारी बाबुलाल आले. चांगल्या चिन्नोर धानाचा वास त्यांना कोसावरून येतो. त्यांच्याकडे सर्व परवाने आहेत आणि सर्व काचेच्या फ्रेमीत आहेत. ते म्हणाले, "बाई, बोर्डपे लिखा है, तो देना पडेगा." अर्जदार म्हणाली, "ते लिहाले लावलं म्हनून लिवलं हाय, द्याले नाई." ते म्हणाले, "तो बोर्ड झूठा है क्या?"  त्यांनी आपल्या शाखेत रीतसर तक्रार केली. लावलेल्या भावाने माल नाकारला, म्हणून वैशाखात जप्ती आली. म्हणजे सिमेंट, जाळी, दार, फळा या सर्व अटी ज्या आठवड्यात पुऱ्या झाल्या त्याच आठवड्यात कोठार रिकामे झाले.

७. जप्तीच्या दिवशी ढोल्यांची तोंडे फोडली. खुणांचे लिंपण खाली पडून पायांखाली गेले. अर्जदाराने हात जोडून एवढेच मागितले की एकेका ढोलीचे एकेका पोत्यात भरा. पोती कमी होती म्हणून सर्व एकत्र ओतून भरण्यात आले. यात लवकर पिकणारे हलके धान होते, दिवाळीनंतर पिकणारे भारी होते, लुचई होते, चिन्नोर होते. हे मिसळलेले बी एका बांधीत टाकले तर अर्धे पीक झडून जाईल तेव्हा अर्धे हिरवे असेल. हे अर्जदाराने सांगितले. निरीक्षकसाहेब म्हणाले, "बाई, सरकारला सगळं धान सारखंच." जप्तीच्या वेळी गावातले सर्व लोक सपरीसमोर उभे होते. कुणी पुढे झाले नाही. पोती भरलेला ट्रॅक्टर निघाला तेव्हा वासुदेवरावांनी मागे-पुढे हात करून त्याला वाट करून दिली.

८. मृग बरसला. पऱ्ह्यांचे दिवस आले. बाया दुकानात येऊ लागल्या. मीठ मागून उभ्या राहत आणि मागच्या दाराकडे बघत. एकीनेही "माहं बी" म्हटले नाही, पण मीठही कुणी लवकर उचलले नाही. म्हणून परवा, मंगळवारी, अर्जदार एसटीने भंडाऱ्यास येऊन आपल्या शाखेच्या जप्त मालाच्या कोठारात गेली. तेथे जे पाहिले ते कोणावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. अटींचा कागद तिला आता तोंडपाठ झाला आहे, त्यामुळे डोळे आपोआप तसे फिरतात. जमीन मातीची आहे. खिडकीला जाळी नाही, खिडकीही पुरी नाही. एका पोत्यावर कुत्री व्यालेली आहे. भावाचा फळा नाही. पत्रा फुटला आहे तिथून पाणी सरळ पोत्यांवर पडते. अर्जदाराने तिथल्या माणसास विचारले, "दादा, याचा परवाना कुठी लावला?" तो म्हणाला, "बाई, हे सरकारी कोठार होय. याले कायले लागते परवाना?"

वरच्या पोत्यांतले धान पोत्याच्या विणीतून हिरवे बाहेर आलेले आहे. अर्जदाराने पोत्यात हात घातला, आत निखाऱ्यावरच्या राखेसारखे गरम लागले. खालची पोती कुजू लागली आहेत. मधली अजून जिवंत आहेत. मोड आलेले धान दोन-चार दिवसांत चिखलात पडले तर जगते. त्यानंतर ते गुरेही खात नाहीत. तेव्हा लिलावाच्या नोटिशीत "गुरांचे खाद्य" असे जे लिहिले आहे तेही २४ तारखेपर्यंत खोटे ठरेल.

९. आता आपल्या पत्राविषयी. आपण उदार होऊन लिहिले आहे की खऱ्या मालकांनी सही-अंगठ्यानिशी पुढे यावे, त्यांचा माल त्यांना मिळेल आणि अर्जदारावरील प्रकरण मिटेल. पत्र वाचून घेतल्यावर अर्जदाराने शाळेसमोर गाव गोळा केला. पत्र पुन्हा मोठ्याने वाचले गेले. अर्जदार म्हणाली, "आता लिंपन फुटलं. आता बोलाले मोकळीक हाय. ज्याचं होय त्यानं म्हना."  कुणी तंबाखू मळत होता, त्याची ती मळून होईना. मग वासुदेवराव म्हणाले, "शकुनबाई, पंचनाम्यात तं सप्पा तुहंच लिवलं हाय. सरकारी कागद खोटा कसा कराचा?" लोकांना ते पटले. इतक्या लवकर या गावाला कधी काही पटलेले नाही. उठताना मंगलाबाई जवळ येऊन हळूच बोलली, "काई परत आलं तं मले पयले सांगजो, बाई." अर्जदाराने तिला हो म्हटले.

लिंपण फुटले आहे, त्यामुळे आता नावे सांगायला रीत आडवी येत नाही. अर्जदारास सर्व खुणा ठाऊक आहेत. कोणती बांगडी कुणाच्या हातातली हे ती डोळे मिटून सांगेल. तरीही ती नावे कळविणार नाही. नाव ज्याचे त्याने सांगायचे असते. त्यांनी ते गिळले, तर दुसऱ्याच्या घशात हात घालून ते काढण्याचे काम या वयात अर्जदाराकडून होणार नाही. आपल्या पत्राचे उत्तर म्हणून हे धरावे.

१०. तरी अर्जदाराची विनंती खालीलप्रमाणे आहे.

सर्व धान अर्जदाराचेच होते व आहे, असे आपण कायमचे लिहून घ्यावे. ती साठेबाज आहे, तिने भाव लावून माल नाकारला, परवाना विद्रूप केला, जनावर पाळले आणि उंदीरही पाळले, हे सर्व तिला कबूल आहे. दंड जो असेल तो दुकान विकून भरण्यात येईल. दुकानाचा परवाना आपण मागण्याआधीच सोबत परत करीत आहे, कारण मालाची विल्हेवाट लावली की दुकान राहणार नाही. त्या बदल्यात मधली जिवंत पोती शनिवारच्या आत अर्जदाराच्या ताब्यात द्यावीत. गाडी तिची ती आणील.

धान आले की ती ते सर्व बोडीखालच्या आपल्या बांधीत पऱ्हे म्हणून टाकणार आहे. उगवेल तेवढे ज्याला पाहिजे त्याने रोवणीला उपटून न्यावे. कुणाचे कुठले होते हे मग कुणालाच सांगता येणार नाही, आणि ते सर्वांच्या सोयीचे होईल. हलके कोणते आणि भारी कोणते हे लोंबी आल्यावर कळेलच, तेव्हा ज्याला जे मिळाले ते त्याने गिळावे. यंदा अर्जदाराच्या बांधीत हात लावायला कुणी येईल असे वाटत नाही. त्यामुळे "श्रमाच्या स्वरूपातील भाडे" या नोंदीवर आपण रेघ मारावी.

कोठार-परवान्याच्या मूळ अर्जावर अजून निर्णय झालेला नाही, तोही कृपया द्यावा. जमीन पक्की आहे, जाळी बारीक आहे, दार वेगळे आहे, फळा जागेवर आहे. उंदीर नाहीत, त्यांना येण्यासारखे तिथे काही नाही. असे निर्दोष कोठार जिल्ह्यात दुसरे निघणार नाही.

वर जे लिहिले ते अर्जदारास वाचून दाखविले. दोन ठिकाणी तिने शब्द कडक करविले आणि एका ठिकाणी नाव खोडविले. बाकी बरोबर आहे म्हणाली.

आपली नम्र, व आपल्या दप्तराप्रमाणे साठेबाज,

डाव्या हाताचा अंगठा, शकुनबाई बेवा गोमाजी हटवार
मौजा हिरडबोडी

अर्ज लिहिणार : घनश्याम तिघरे, कचेरीसमोर, भंडारा
दिनांक २० जून १९७४

सोबत :
१) आपल्या दिनांक १४ जूनच्या पत्राची नक्कल.
२) दुकानाचा मूळ परवाना, हळदकुंकवासह. नंबर दिसत नसल्यास ओल्या बोटाने पुसावा, खाली आहे.
३) कोठाराच्या नव्या दाराची किल्ली. तपासणीस केव्हाही यावे, अर्जदार घरी नसली तरी चालेल.
४) जप्त मालातील मूठभर धान, मोड आलेले, ओल्या फडक्यात. त्याला आवक नंबर देऊन फाइलीत टाचू नये. निर्णय होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. ते अजून जिवंत आहे.